रांगेतली पेटी

माझ्या धाकट्या दिरांइतका सुराचा हट्टी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झाला असेल, तर त्याच्या वहिनीनं पुढं यावं. मी तिला लुगडं नेसवते आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडतो. अशा माणसाची वहिनी होणं सोपं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजींनी मला उंबऱ्यातच थांबवलं. सगळ्यांना वाटलं, दीर आहे, नाव घ्यायला लावणार. तर हे म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या वहिनी. एक ओळ म्हणा, कोणची बी. घरात आवाज कसला आलाय ते तरी कळू द्या." मी घाबरून रविवारच्या शाळेतलं एक गाणं म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि माझ्या सासूकडं वळून निकाल दिला, "गाईचा हाय. पानी न्हाई."

याचा अर्थ कळायला मला आठ दिवस लागले. भाऊजी आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत माप घ्यायला होते. शिरूर कासारपासून पायी तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. पाऊस यायचा तो वाट चुकल्यासारखा, पण डेअरी मात्र सकाळ-संध्याकाळ घड्याळावर उघडायची. चरव्या घेऊन माणसं रांगेत उभी आणि समोर भाऊजी, हातात लॅक्टोमीटर, कानावर पेन्सिल. दुधात ती काचेची नळी सोडायची, किती बुडते ते बघायचं आणि पाणी ओळखायचं, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की जगातली प्रत्येक चांगली गोष्ट त्यांना दूधच दिसायला लागली. त्यातून माणसाचा आवाज तर फारच. गाईचा आवाज म्हणजे पातळ पण गोड, साडेतीन फॅटचा. शेळीचा म्हणजे औषधाला बरा, रोज नको. आणि सगळ्यांत वरचा, जाड सायीचा, सहाच्या पुढचा, तो म्हशीचा. ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी, आणि ती ते सहसा कुणाला देत नसत. एकदा दिली ती नव्या पाळकीणबाईंना, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांच्या बायकोला. बाई शहरात शिकलेल्या, नाजूक. पहिल्याच रविवारी त्यांनी एकटीनं गाणं म्हटलं. गाणं संपलं आणि भाऊजी पेटीवरून उठले, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाईसाहेब, काय सांगू! असा म्हशीचा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला न्हाई." पाळकसाहेबांनी घसा साफ केला. बाईंनी रुमाल तोंडाला लावला. पुढचे तीन रविवार त्यांचे नुसते ओठ हलत होते, आवाज बाहेर नाही. शेवटी मीच भाकरी-ठेचा बांधून त्यांच्याकडं गेले आणि दुधाचं सगळं गणित समजावून सांगितलं. तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या. नंतर स्वतःच विचारायच्या, "आज किती फॅट लागला हो?"

आणि भाऊजींची ती पेटी! त्यांच्या आजोबांना मिशनच्या कुण्या बाईंनी गाव सोडताना दिलेली. भात्याला पाच ठिगळं, त्यातलं एक सायकलच्या ट्यूबचं आणि एक माझ्या सासऱ्यांच्या जुन्या वहाणेचं. मधला एक सूर दाबला की परत वर यायचाच नाही. भाऊजी गाणं न थांबवता त्याला बोटानं खालून उचलायचे, जेवता जेवता मांडीवरच्या लेकराचं नाक पुसावं तसं. उन्हाळ्यात पेटीवर ओलं फडकं, थंडीत गोधडी. जाऊबाई म्हणायची, "अक्का, माझ्या लग्नातली शाल ह्या सवतीनं पांघरली." भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण दुसऱ्या दिवशी शाल जाऊबाईच्या उशाशी आणि पेटीवर त्यांचं स्वतःचं धोतर. मला वाचता येतं तेही या पेटीमुळंच. संध्याकाळी भाऊजी ओसरीवर गायचे आणि मी गाण्याच्या पुस्तकात बोट फिरवत बसायची. ते जिथं लांबवत तिथं माझं बोट थांबायचं. असं करता करता अक्षरं ओळखीची झाली. अजूनही मी वाचते ते जरा लांबवूनच वाचते.

त्यांच्या प्रार्थनेबद्दल गावात दोन मतं नव्हती. ती लांब होती. चुलीवर डाळ शिजत घालून प्रार्थनेला बसावं आणि आमेन झालं की उठून फोडणी द्यावी, असा आम्हा बायकांचा अंदाज बसलेला. एकेका घराचं नाव घ्यायचे. घरं संपली की गोठे. "आणि प्रभू, सरूबाईची ती कपिली गाय, डाव्या सडाला गाठ हाय, तिच्यावर बी तुझा हात ठेव." मधेच एक डोळा उघडून कोण आलं नाही ते बघायचे आणि त्याचं नाव मुद्दाम मोठ्यानं घ्यायचे, पुढच्या वेळी तो बिचारा सगळ्यांच्या आधी हजर. पावसासाठी प्रार्थना करताना तर ते देवाला पत्ता सांगायचे. "परमेश्वरा, शिरूरच्या स्टँडावरनं उगवतीला निघालं की पहिला वढा लागतो, मग चिंचंचं झाड, तिथनं डाव्या हाताला आमचं शिवार. मागल्या खेपंला तू तलवाड्याकडं पडलास. पड, ते बी तुझेच लेकरं हायेत, आमची तक्रार न्हाई. पर आमचं बी आभाळ त्याच वाटंवर हाय." एकदा पाळकसाहेब म्हणाले, "अहो, देवाला सगळं ठाऊक असतं." भाऊजी म्हणाले, "आसंल ना साहेब. पर मानसानं वाटंला हुबं ऱ्हाऊन हात करायचा असतो. येष्टीला बी फाटा ठाऊकच असतो की."

मग तो दुष्काळ आला. देशानं ऐकलेला मोठा दुष्काळ नव्हे. त्याच्या मागून आलेला, ज्याला कुणी नावसुद्धा ठेवलं नाही. विहिरींचे तळ दिसले, ज्वारी हातभर येऊन करपली, चारा संपला, म्हशी आटल्या. डेअरीत एक कॅन भरेना. नवल म्हणजे रांग काही मोडली नाही. लोक सवयीनं त्याच वेळेला येऊन उभे राहायचे, हातात रिकामी चरवी, कुणाच्या हातात तीही नाही. माप घ्यायला दूध नाही म्हणून भाऊजींनी पेटी डेअरीत आणून ठेवली. एखादं भजन म्हणायचं, एखाद्याच्या घरचं विचारायचं, कुणी म्हटलं तर तिथंच हात जोडून दोन शब्द प्रार्थना. त्यांचे दोन शब्द म्हणजे किती, ते सांगितलंच. असे दोनेक महिने गेले आणि एका सकाळी ते माझ्या चुलीपाशी येऊन बसले. "वहिनी, मला पाचारण झालंय."

पाचारण म्हणजे देवानं सेवेसाठी हाक मारणं. आमच्यात हा शब्द कुणी चहा पिता पिता वापरत नाही. मी फुंकणी खाली ठेवली. "कवा? सपान पडलं का?"

"सपान कशाचं. रांगंत बघितलं. दूध न्हाई तरी मानसं येत्यात. इतकी वर्सं मी समजत व्हतो ही दुधाला येत्यात. ती एकमेकाला बघाया येत्यात वहिनी. त्यांच्यापाशी कुनी तरी बसाया पायजे. दिवसभर. माप घेत घेत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "डेअरी सोडतो. भजन आन् प्रार्थना, येवढंच काम. पूर्णवेळ."

"जाऊबाईला सांगितलं?"

"तेच तुमी सांगाल का, म्हणून आलो."

मी सांगितलं नाही. असल्या गोष्टी ज्याच्या त्यानंच सांगाव्यात. जाऊबाई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. दोन पोरी शाळेत. आमच्या अख्ख्या भावकीत सावलीतली नोकरी ती एकच, डेअरीची. संध्याकाळी ती आली, हाताला फडकं गुंडाळलेलं, भाऊजींनी सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही, तिचा तो स्वभावच नाही. हातपाय धुतले, भाकरी थापायला बसली आणि तिसरी भाकरी तव्यावर टाकताना बोलली. "एक सांगते. येत्या ईस्टरला आपलं देऊळ इतकं भरलं, की मला सवताला बसाया जागा ऱ्हायली न्हाई, तर मी मानंन, हाक देवाचीच व्हती. मंग ही पेटी जल्मभर मी डोक्यावर वाहीन. आन् जागा ऱ्हायली, तर दुसऱ्या दिशी डेअरी. कबूल?"

"कबूल. पर हट्टानं हुबी ऱ्हाऊ नगंस."

"मी कशाला हुबी ऱ्हाईन? दिसभर हुबीच असते. जागा दिसली की बसनार."

आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, ऐंशीएक माणूस दाटीनं बसेल एवढी. आमची ख्रिस्ती घरं वीस-बावीस. लेकराबाळांसकट सगळे आले तर खोली भरायची. म्हणजे अट कडक होती, पण अन्यायाची नव्हती. डेअरीच्या चेअरमननी राजीनामा उभ्यानं वाचला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "येडा झालास का बे? ह्यो कागद मी बोर्डापुढं ठेवत न्हाई. ईस्टर कवा असतंय तुमचं? पाडव्याच्या आसपास? तवर ऱ्हाऊ दे खिशात. बायकूला सांगून ठेवतो, धुन्यात टाकू नगंस म्हनून."

पाळकसाहेबांनी बीडहून येऊन रविवारी मंडळीसमोर भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवले, सेवेला नेमायची ही आमची रीत. बायकांनी ठरवलं, प्रत्येक स्वयंपाकाला एक मूठ ज्वारी बाजूला काढायची, मडक्यात टाकायची, ती भाऊजींच्या घरची. सगळं रीतसर झालं. आणि मंगळवारी मुकादमाचे ट्रक आले.

आमच्याकडं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांकडं जातं आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतं. भाऊजींना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण डेअरी बारा महिने उघडी. त्यांचं वर्ष कधी तुटलंच नव्हतं. त्यातून त्या साली दुष्काळ, म्हणून मुकादम दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच दारात. भाऊजींनी धरलं होतं, महिनाभर हातात आहे, तेवढ्यात मंडळी उभी करू. इथं दोन दिवसांत ट्रकात बैलं चढली, गाड्यांची चाकं चढली, भांडी, कोंबड्या, लेकरं चढली, आणि मागून मी आणि आमचे हे, एक कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयताच म्हणतात. मुठीची मडकीसुद्धा बायकांनी बरोबर घेतली, तिकडं शिजवायला लागणार म्हणून. भाऊजी ट्रकामागं चालत एकेकाला हाका मारत होते, "आगं, तुझ्यावर तिसरं कडवं हाय! बबन्या, टाळ कोन वाजवनार?"

बबन ट्रकावरून ओरडला, "काका, तुमीच वाजवा की, दोन हात हायेत!"

"ते पेटीवर हायेत बे!"

पुढच्या महिन्याची गोष्ट मला जाऊबाईनं सांगितली, एकदा नव्हे, शंभरदा. भाऊजी रोज सकाळी देऊळ झाडायचे, सगळ्या चटया अंथरायचे आणि पेटी काढून बसायचे. समोर कामावर जायच्या आधी आलेली जाऊबाई, दोन पोरी, आणि दाराबाहेर उंबऱ्याला टेकून एक म्हातारा धनगर, मेंढरं वाटेत थांबवून. "मी बिरोबाचा मानूस," त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "आत येत न्हाई. पर सुराला काय, कुठं बी बसून ऐकावं." भाऊजी पहिली ओळ म्हणायचे आणि दुसऱ्या ओळीला थांबायचे. नुसता भाता हलवत राहायचे, बबनच्या आईला ती ओळ ओढायला जितका वेळ लागायचा तितका. तिसरी ओळ स्वतः. चौथीला परत थांबायचे, ती माझी. पोरींना वाटलं, बाबा विसरले. "विसरलो न्हाई गं," ते म्हणाले, "ती तुझ्या मोठ्या आईची जागा हाय. ती माझ्यानं कशी भरू?" जाऊबाई म्हणायची, "अक्का, मला असा राग आलता! खडी फोडून माझे हात सोलले आन् हा गडी रिकाम्या चटईला सूर देतोय. पर तुमच्या जागंवर थांबले ना, तवा तुमचा आवाज आला मला. खरं सांगते."

महिनाभर हे बघून शेवटी धनगरच बोलला. "मालक, एक इचारू का? मेंढरं चरायला लांब गेली, तर धनगरानं वाड्यात बसून शीळ घालायची, का मेंढरामागं जायचं?"

भाऊजींनी भाता बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते एसटीत होते. कंडक्टरनं पेटीकडं बोट केलं, "हे काय, सामान हाय का?" भाऊजींना खोटं बोलता येत नसे आणि पेटीला सामान म्हणवेना. "सामान न्हाई," ते म्हणाले, "घरचं मानूस हाय." कंडक्टर म्हणाला, "मंग मानसाचं तिकीट काढा." अर्ध्यावर तडजोड झाली. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून, धाब्यावर थांबलेल्या कारखान्याच्या ट्रकात बसून, तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत हे आमच्या कोप्यांपाशी हजर. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. सगळे जमले, भाऊजींनी एक भजन म्हटलं, प्रार्थनेला हात जोडले आणि पत्ता सांगायला सुरुवात केली, तोवर एकेक मान खाली. आम्ही पहाटेच्या आधी उठून फडात जायचो हो; तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. बबन बसल्या जागी घोरायला लागला. मीसुद्धा झोपले, कशाला लपवू? जाग आली तेव्हा भाऊजी तसेच बसले होते, पेटीचा भाता बांधून, आणि एकेकाच्या अंगावर जे हाती लागेल ते पांघरून झालं होतं. प्रार्थना अर्धीच राहिली होती. मी म्हटलं, "भाऊजी, माफ करा." ते म्हणाले, "कावून? आज तुमी सगळे माझ्यापरीस सुरात व्हता."

पण तोंड उतरलं होतं. दोन दिवस ते नुसते फडाच्या बांधावर फिरत राहिले. फडात गावं म्हटलं तर कोयत्यांचा आवाज, मुकादमाचा आरडा. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांच्या भरल्या गाडीवर माझ्याशेजारी बसून ते कारखान्यावर आले, आणि तिथं त्यांनी रांग बघितली.

साखर कारखान्याच्या वजनकाट्याची रांग ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगावं! बैलगाड्यांमागं बैलगाड्या, उसानं शिगोशीग भरलेल्या, काट्यापासून थेट नदीच्या पुलापर्यंत. दुपारी लागलेली गाडी दिवस मावळला तरी आपली वीसेक पावलं पुढं. बैलं उसाचं वाढं चघळत उभी, माणसं चाकाच्या सावलीला, कुणी कुणाशी बोलत नाही, बोलण्यासारखं सगळं संपलेलं. भाऊजी गाडीवरून खाली उतरले. रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे भरून बघितली आणि म्हणाले, "वहिनी, आगं बाई, ही तर आपली डेअरी हाय!" मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ते 'आगं बाई' म्हणाले, इतके हरखले होते.

त्या दिवसापासून पेटी रांगेत बसली. आमच्या गाडीच्या जुवावर फळी टाकून तिच्यावर पेटी. सूर निघाला की पुढच्या-मागच्या दहा गाड्यांची माणसं सरकून जवळ यायची. आमची मंडळी होतीच. पण सगळ्या रांगेत आम्ही किती? बाकी सारे आपापल्या देवाचे. भाऊजी म्हणायचे, "आमचं एक झालं, आता तुमचं होऊ द्या," की गाडीवान त्यांचे अभंग, देवीची गाणी म्हणायचे आणि भाऊजी पेटीवर साथ करायचे. मग आवाजांची परीक्षा. "ह्यो गडी गाईचा." "ह्याच्यात पानी हाय, पर दुष्काळाचं हाय, माफ." केज भागातला एक काळा आडदांड गाडीवान होता, त्याला त्यांनी म्हशीची पदवी दिली, तर तो गडी रांगेत सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा गूळ वाटत सुटला. आणि प्रार्थना! देवाला जे जमलं नव्हतं ते रांगेनं केलं, त्यांची प्रार्थना आखूड केली. पुढची गाडी सरकली की आपली सरकवावी लागते, नाहीतर मागचे शिव्या घालतात. त्यामुळं दोन गाड्यांच्या मधे एका माणसाचं दुखणं देवापुढं मांडून आमेन झालंच पाहिजे. मी मोजून सांगते, तेवढ्यात दोन भाकऱ्याही भाजून होत नाहीत.

पण सवय जाते कुठं? उरलेली लांबी ते गावी घेऊन जायचे. दर पंधरवड्याला कारखान्याच्या ट्रकानं गावाकडं यायचे, आणि रविवारी देवळात बसून जे रांगेत उरकलं होतं ते सगळं देवाला सविस्तर सांगायचे. "प्रभू, बबनच्या पायाला कोयता लागलता, आता खपली धरलीय. त्याच्या आजीला सांग, काळजी करू नगं. खालच्या आळीच्या सुमनला सातवा लागलाय, आंबट खावंसं वाटतंय. वंजारवाड्याच्या नामदेवाचा ढवळ्या बैल बसलता, उठला. त्यानं बापाला विचारलंय, दम्याची गोळी घेतो का न्हाई." उंबऱ्याला टेकलेल्या धनगराचा लेक आणि सूनही त्याच कारखान्यावर होती. त्यांची नावं आली तसा म्हातारा ताठ बसला. आणि धनगराला कळलेली गोष्ट मेंढरांबरोबर सगळ्या शिवारात जाते. पुढच्या खेपेला उंबऱ्यापाशी चार म्हातारे होते, त्याच्या पुढच्याला दहा. तेव्हा कुठले फोन? लेकरं गेली की पाडव्यापर्यंत त्यांचं बरंवाईट कळायचं नाही. हे मला पुढं कळलं. तेव्हा आम्ही आपले उसात.

मग ईस्टर आला, आणि लवकर आला. कारखान्याचं गाळप संपायला अजून पंधरा दिवस होते. मुकादम एकालाही सोडेना. बबन म्हणाला, "काका, हितंच करा ना ईस्टर. रांगंत दोनशे मानूस बसवतो. काकूला काय, आमी सगळे साक्ष देऊ." भाऊजी पेटी बांधत होते. म्हणाले, "कबूल केलंय ते आपल्या देवळाचं. हरायचं तर तिथं जाऊन हरावं." आणि मग एकेका कोपीत जाऊन विचारलं, घरी काय सांगू? मी विचारलं, "भाऊजी, डेअरीत परत जीव लागंल का?" ते म्हणाले, "दूध काय वाईट हाय वहिनी?" एवढंच. शनिवारी गावी पोचल्यावर त्यांनी लॅक्टोमीटर शोधून काढला, धुतला, पुसला आणि खिडकीत वाळत ठेवला. जाऊबाईनं ते बघितलं.

रविवारी तिनंच देऊळ झाडलं, चटया टाकल्या आणि ती पाण्याला गेली. त्या साली पाण्याला जाणं म्हणजे दीड कोसाची वाट. डोक्यावर हंडा घेऊन ती परत आली तर देवळाबाहेर वहाणांचा ढीग. तिला वाटलं, कुणी वारलं की काय. दारात गेली तर आत तिळाएवढी जागा नाही. गावात मागं राहिलेली सगळी म्हातारी माणसं, सगळ्या आळ्यांची; काठ्या, घोंगड्या, मांडीवर नातवंडं. ईस्टरला शेवटची बातमी येणार, टोळ्या कधी परततात ते कळणार, असं धनगरानं पसरवलेलं. तो स्वतः आत बसला होता, पेटीशेजारी. उंबऱ्यावर जागा उरली नाही म्हणून बिरोबाच्या माणसाला आत यावं लागलं. भाऊजींना शोधायला म्हणून चेअरमन आलेले, ते खिडकीबाहेर उभे. आणि भाऊजींची प्रार्थना चाललेली, एकेका घराची. वरच्या आळीच्या चौथ्या घरापर्यंत आली असेल, तेव्हा त्यांनी सवयीनं एक डोळा उघडला, कोण आलं नाही ते बघायला.

दारात जाऊबाई. डोक्यावर हंडा. उभी.

जाऊबाई सांगायची, त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग एकदम "आमेन" म्हणून मोकळे झाले आणि उपरण्यात तोंड घातलं. तर मागून एक म्हातारी कडाडली, "आरं आमेन काय! माझ्या सुनंचं ऱ्हायलं की!" दुसरा म्हणाला, "आमच्या ढवळ्याचं सांग आधी!" तेव्हा कुठं त्यांनी डोळे पुसले आणि देवाला म्हणाले, "प्रभू, जरा थांब, इसरलो व्हतो." उन्हं डोक्यावर येईपर्यंत ती प्रार्थना चालली आणि त्या दिवशी एकाचीही मान खाली गेली नाही. खिडकीबाहेर चेअरमननी खिशातला कागद काढला. घड्यांवर पार विरलेला. "आता ह्यो बोर्डापुढं ठेवावा लागतोय," ते म्हणाले. "मापाला दुसरा कोन तरी बघतो. पर असा न्हाई मिळायचा."

दुसऱ्या दिवशी जाऊबाईनं पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत पोचवली. पुढं वीसेक हंगाम ती हे करत आली. हंगामात भाऊजी रांगेत, पावसाळ्यात गावोगावी. वैतागायची, "मी भरलं म्हनायच्या आधी जरा आत सरकून बघाया पायजे व्हतं," असं म्हणायची, आणि चुंबळ करून पेटी उचलायची.

भाऊजींना जाऊन आता तिसरं वर्ष. जाऊबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला, पेटी माझ्या खोलीत असते, शाल पांघरून. लग्नातलीच, जाऊबाईनंच घातली. देवळात आता नवी मंडळी आहे, वाजवायला नवी वाद्यं आहेत. गाणं संपलं की आम्ही जुनी माणसं पुढचं लगेच सुरू करत नाही. जरा थांबतो. भाऊजींना फॅट सांगायला जितका वेळ लागायचा तितका. नव्या लोकांना वाटतं, म्हातारी माणसं विसरली. वाटू द्या. परवाच्या रविवारी माझा घसा बसला होता, तरी मी माझी ओळ म्हटली. संपल्यावर थांबले.

थोडं पाणी होतं, भाऊजी. मला कळलं.